अगं आणि अहो

माझ्या विहीणबाई बांधलेलं खोकं उचलतात, कानाशी नेतात आणि हलवून बघतात. आत काही वाजलं की चिकटपट्टी टराटरा काढून पुन्हा पहिल्यापासून. औषधांच्या कारखान्यात, काचेच्या बाटल्या खोक्यांत भरायच्या खात्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. "वाजलं ते फुटलं," असं म्हणतात. बाकी त्यांचं बोलणं म्हणजे "बघू", "होईल" आणि "तुम्ही बसा".

हे "तुम्ही बसा" माझ्या डोक्यात जातं. जावयांची बदली झाली ती अकराशे किलोमीटरवर. लेकीच्या घरचं सामान बांधायचं म्हणून मी कंबर कसून गेले, आणि बघते तो स्वयंपाकघर निम्मं रिकामं. प्रत्येक कपाला वर्तमानपत्राचा सदरा घातलेला. खोक्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'पहिल्या दिवशी लागेल', 'आठवड्याने लागेल', आणि एकावर नुसतंच 'बघू'. ज्या मुलीच्या पेन्सिलींना मी दहावीपर्यंत टोकं करून दिली, तिला कुठली वस्तू कधी लागते हे या बाईंना पाठ आणि मला विचारावं लागतं.

मग मी हट्टाने एक खोकं बांधलं. माझ्या आईने मला आणि मी लेकीला दिलेले काचेचे वाडगे होते. विहीणबाईंनी ते कानाशी नेलं. किणकिणलं. त्यांनी हळूच खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "छान बांधलंय." मी खोलीबाहेर पडल्यावर चिकटपट्टी निघाल्याचा आवाज आला.

सामान ट्रकने गेलं, जावई आधीच तिकडे रुजू झाले होते. राहिली होती नवी गाडी. नोंदवलेली केव्हाच, पण हातात आली जावई गेल्यावर आठ दिवसांनी. करड्या रंगाची, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली. आता ती न्यायची कोणी? लेकीला चालवता येत नाही. जावई फोनवर म्हणाले, "त्यात काय, आई आणेल की!"

आई म्हणजे त्यांची आई. निवृत्त झाल्यावर, पंचावन्नाव्या वर्षी या बाई गाडी शिकल्या. मिसरूड न फुटलेल्या मुलांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. उलटी गाडी लावताना दोनदा नापास झाल्या. तिसऱ्या वेळी परीक्षक म्हणाला, "आजी, या वयात कशाला हवंय हे?" त्या म्हणाल्या, "लागेल." ही गोष्ट माझी लेक येईल त्याला सांगते. मला पदवीला मानसशास्त्रात पहिला वर्ग मिळाला होता, ते तिने आजवर कुणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

"मीपण येते," मी जाहीर केलं. "ठेंगूला गाडी लागते. मागे तिच्याजवळ कुणीतरी हवं." ठेंगू म्हणजे माझी नात, चार वर्षांची.

घरी आमचे हे म्हणाले, "अगं, तुला बोलावलंय का त्यांनी?"

"लेकीकडे जायला आमंत्रण लागतं होय?"

"लेकीकडे नाही लागत. गाडीत बसायला लागतं."

मी गेलेच. ठेंगूची सीट, दोन खोकी आणि गाद्यांची वळकटी यांच्या मधल्या बोळकांडीत मला जागा मिळाली. पुढे त्या दोघी. मला दिसायचे ते दोन अंबाडे, एक पिकलेला आणि एक काळा.

इथे एक सांगायला हवं. माझी लेक मला 'अगं आई' म्हणते आणि सासूला 'अहो आई'. त्यात नवल नाही, घरोघरी तेच. पण लग्नाला सहा वर्षं झाली, आणि ही सहा वर्षं मी त्या 'अहो'वर काढली आहेत. तिने सासूच्या हाताची चव सांगितली, सासूने शिवलेला झगा दाखवला, सासूने ठेंगूला अक्षरं शिकवल्याचं कौतुक केलं, की मी मनात म्हणायची, करा काय करायचंय ते, अहो ते अहोच.

पहिला दिवस मी "हळू... हळू..." करण्यात घालवला. मालट्रक दिसला की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. विहीणबाई ऐंशीच्या वर काटा जाऊ देत नव्हत्या, तरी. लेक एकदा म्हणाली, "अगं आई, तू मागून ब्रेक मारू नकोस, टायर झिजतील." दोघी खुदकन हसल्या. विनोद वाईट नव्हता, पण त्या दोघी बरोबर हसल्या ते मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठेंगू माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली. मीही डोळे मिटले होते. पुढून लेकीचा हलका आवाज आला, "अगं आई, दमलीस तू. पुढच्या हॉटेलपाशी थांबव ना."

मी डोळे न उघडताच म्हटलं, "मी कसली दमतेय? मी तर नुसती बसलेय."

मी डोळे उघडले. आरशात विहीणबाईंचे डोळे क्षणभर माझ्यावर आले आणि रस्त्याकडे गेले. लेकीने मान वळवली. "तू... झोपली नव्हतीस?"

थांबवायला ती मला कशी सांगेल, गाडी मी थोडीच चालवत होते. ते मला तेव्हा उमगलं.

हॉटेलपाशी लेक ठेंगूला हात धुवायला घेऊन गेली. मी आणि विहीणबाई गाडीला टेकून उभ्या. त्या बराच वेळ काचेवरचे किडे फडक्याने पुसत होत्या. मग म्हणाल्या, "तिच्यावर रागावू नका. मीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"तुमच्यासमोर अहो म्हणत जा म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल."

म्हणजे माझ्यामागे हे चाललं होतं, आणि वर माझ्यावर दया. "कधीपासून?" मी विचारलं.

"तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. तुमच्या पायाला प्लास्टर होतं." त्यांनी फडकं झटकलं. "भूल उतरत होती. म्हणाली, अगं आई, हात सोडू नकोस. मला वाटलं, तुम्हालाच हाक मारतेय. मी म्हटलं, आई नाहीये गं, मी आहे. तर म्हणाली, माहितेय."

आयुष्यात कधी नव्हे ती ही बाई एवढं बोलली, आणि बोलली ते हे. थाप मारली असती तर काय बिघडलं असतं? भुलीत होती, कळत नव्हतं, म्हणाली असती तर मी मुकाट्याने विश्वास ठेवला असता.

त्यानंतर लेकीने 'अहो'चा सपाटा लावला. अहो आई, पाणी हवंय का तुम्हाला? अहो आई, ऊन लागतंय का? जणू पाहुणीला सोडायला निघाली होती. विहीणबाईंचं "होईल" आणि "बघू"सुद्धा बंद झालं, उरलं नुसतं "हं". आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. मी ठेंगूला दोन गाणी म्हणून दाखवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठा फाटा आला. फोनमधला नकाशा लेकीच्या हातात होता. वळायचं होतं डावीकडे. ती म्हणाली, "अगं... अहो आई, वळ... म्हणजे, तुम्ही आता डावी..."

फाटा मागे गेला.

पुढे गाडी वळवायला जागा थेट तेवीस किलोमीटरवर. लेक रडवेली झाली. "सॉरी... मला पटकन सुचेना काय म्हणू." विहीणबाई "हं" म्हणाल्या. पुढच्या आरशात मला त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं. त्या चिडल्या नव्हत्या. लहान मुलाला सगळ्यांदेखत खेळातून उठवावं, तशा दिसत होत्या.

वाटेत ठेंगूने विचारलं, "आपण घरी परत चाललोय?" कालपासून मला एवढं बरं कशामुळे वाटत होतं, ते समोरच बसलेलं होतं, पाठ ताठ करून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून.

वळायची जागा आली. चौकात चारी बाजूंनी वाहनं. लेकीने पुन्हा तोंड उघडलं, "अ... अ..."

"अगं म्हण बाई एकदाची!" मी ओरडले. "नाहीतर आपण जन्मभर याच रस्त्यावर!"

लेक गर्रकन वळली. "आई..."

"म्हण. पण माझ्यादेखत म्हणायचं. माझ्यामागे चोरून काही नाही चालायचं. कळलं?"

मला वाटलं होतं, थोडे आढेवेढे घेईल. माझ्याकडे बघेल, खरंच चालेल का विचारेल. कुठलं काय! लगेच पुढे वळून म्हणाली, "अगं आई, उजवीकडून वळवून घे." जिभेवर तयारच होतं.

गाडी हलली नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा विहीणबाईंनी क्लच चुकवला आणि नवी कोरी गाडी भर चौकात बंद पडली. त्यांनी किल्ली फिरवली, हात घसरला. एका हाताने त्या डोळे पुसत होत्या.

"तू थांब, घाई करू नकोस," लेक म्हणाली आणि त्यांच्या दंडावर हात ठेवला. तो हात मी मागून बघितला. नजर हलवावी असं ठरवूनही हलवता आली नाही.

मागच्यांनी हॉर्नचा कालवा सुरू केला. एक टेम्पोवाला तर डोकं बाहेर काढून म्हणाला, "ओ आजी, येत नाही तर घेता कशाला गाडी?"

मी काच खाली केली. "तीन दिवस चालवतायत त्या, अकराशे किलोमीटर! तू चालवून दाखव आजोबा झाल्यावर! हॉर्न वाजवू नकोस, पोरगी घाबरतेय!"

पोरगी कसली घाबरते, ती खिदळत होती. मी काच वर केली आणि म्हटलं, "सावकाश काढा हो विहीणबाई. होईल." माझा जळफळाट काही थांबला नव्हता. पण माझ्यासमोर दुसऱ्या कुणी त्यांना बोललेलं मला खपणार नव्हतं.