सईची पहिली पावलं

नऊ वर्षं मी एक गोष्ट रंगवून सांगत आले. ती खरी कशी घडली, हे मात्र कुणाला म्हणजे कुणालाच कळू दिलं नाही — नवऱ्यालाही नाही. आता लपवायचं नाही, असं ठरवलंय.

माझी मुलगी सई उशिरा चालायला लागली. दीड वर्षाची झाली तरी भिंत धरूनच उभी राहायची. आणि माझ्या जावेचा मुलगा, तिच्याहून दोन महिन्यांनी लहान, तिकडे श्रीगोंद्यात अंगणभर पळत सुटलेला. जाऊ रोज त्याचे व्हिडिओ पाठवायची. कौतुकानंच ना? मी मात्र निकाल बघावा तसे ते बघायची — दात कुणाला आधी आले, आधी बोललं कोण. माझं लेकरू समोर, आणि माझं लक्ष — कुठे असायचं?

त्या दुपारी सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी पलंगावर बसून तसलाच एक व्हिडिओ पाचव्यांदा बघत होते. सईला सांभाळणाऱ्या सुलाबाई एकदम ओरडल्या, "ताई, चालली! अवो, चालली की पोरगी!" मी मान वर केली तेव्हा सई त्यांच्या मांडीत पडून हसत होती. झालं होतं सगळं — माझ्यापासून चार हातांवर.

संध्याकाळी नवरा आला. मी म्हणाले, "माझ्याकडे चालत आली रे, दोन्ही हात पसरून!" सुलाबाई चपला घालत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेल्या. महिन्याभरात मी त्यांना कामावरून काढलं. पाळणाघराचं निमित्त सांगितलं. खरं कारण? ती नजर.

दर वाढदिवसाला सई ती गोष्ट मागायची. मी सांगायची — हात पसरून.

यंदा शाळेच्या शर्यतीत सई धावली. कितवी आली, ते माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आईनं मला सांगितलं — शेवटून दुसरी. मी फक्त तिला बघत होते. तिची सुटलेली रिबन, आवळलेल्या मुठी, सगळं. धापा टाकत येऊन तिनं विचारलं, "बघितलंस?" बघितलं होतं. आणि मग ती जुनी गोष्ट मला पेलवेना. घरी येताच दोघांना खरं सांगितलं. सई म्हणाली, "मग मी कुणाकडे चालत गेले होते?"

रविवारी तिला सुलाबाईंच्या घरी नेलं. दारातच म्हणाले, मी खोटं बोलले, आणि ते झाकायला तुमचं काम घालवलं. त्या सईला जवळ ओढून सांगायला लागल्या, "चार पावलं टाकली व्हती तू. पाचव्याला धपकन माझ्या मांडीत."

मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते.