काम वेळेत संपवण्याची शिक्षा

या मंगळवारी आमच्या ऑफिसात प्रमोशनची यादी लागली. माझं नाव नव्हतं. ऑफिसात कुणापाशी मन मोकळं केलं नाही, म्हणून आज इथं लिहितेय...

मी वाळूजला एका कंपनीत डिस्पॅच प्लॅनिंग बघते. कुठला माल कधी निघणार, कोणत्या गाडीत जाणार, हे ठरवायचं. राहते पडेगावला. आईला दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि तिची डावी बाजू गेली. तेव्हा तिला गावाहून, देवगाव रंगारीहून, माझ्याकडं आणलं. दिवसभर एक मावशी असतात तिच्याजवळ, पण सहा वाजले की त्यांनाही त्यांचं घर असतं.

म्हणजे सहाच्या आत मला घरात पाय ठेवावाच लागतो. नंतर आईचे व्यायाम. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, रोज झाले तरच हातात ताकद परत येईल... एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी बोटं आखडलेली असतात.

या सहाच्या धाकानं मला काम करायला शिकवलं. सगळ्यात किचकट काम आल्या आल्या, चहाच्या आधी. मेल दिवसातून दोनदाच उघडायचे, सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन एकत्र करायचे, एका बैठकीत. मोबाइल ड्रॉवरमध्ये. आणि निघण्याआधी उद्याची पहिली फाइल टेबलावर काढून ठेवायची, म्हणजे सकाळी 'कुठून सुरू करू' यात अर्धा तास जात नाही.

यात जगावेगळं काही नाही. पण माझं काम पाचपर्यंत संपायला लागलं. साडेपाचला मी निघते, आणि माझ्यामुळं कुठलीही गाडी गेटवर अडकून राहिलेली नाही.

गेल्या महिन्यात आमच्या मॅनेजरनी बोलावलं. म्हणाले, मॅडम, तुम्ही हे कसं जमवता ते सगळ्यांना सांगा, शनिवारी एक सेशन घ्या. मला खरंच आनंद झाला हो. मन लावून तयारी केली. सेशन झालं, टाळ्या वाजल्या, सरांनी सगळ्यांसमोर गुच्छ दिला... मी तो आईच्या उशाशी ठेवला. प्रमोशन तोंडावर होतं. मला वाटलं, आता झालंच.

मंगळवारी यादीत नाव होतं नितीनचं.

नितीन माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. माणूस वाईट नाही. दिवसभर चहा, गप्पा, मोबाइल... आणि पाचनंतर त्याचं काम सुरू होतं. रात्री आठला तो मेल टाकतो, तेव्हा सरांना आवर्जून सीसीमध्ये ठेवतो. त्याच्या गाड्या गेटवर किती वेळा अडकल्या, ते सरांनाही माहीत आहे.

मी केबिनमध्ये गेले. आवाज न चढवता विचारलं, माझं कुठं कमी पडलं? सर अवघडले. कामात काहीच कमी नाही म्हणाले. मग म्हणाले, "पण मॅडम, तुम्ही साडेपाचला निघता. वर विचारतात, ह्यांना लोड आहे का नाही म्हणून."

"सर, काम संपतं म्हणून निघते."

"तेच तर," सर म्हणाले. "संपतंय म्हणजे कमी आहे, असं दिसतं ना."

आणि त्याच दमात सांगून टाकलं, की नितीनचं आधीचं अर्धं काम आता माझ्याकडं येईल, कारण माझ्याकडं वेळ असतो. शिवाय त्याला माझी पद्धत जरा शिकवायची...

दुसऱ्या दिवशी मी शिकवायला बसले. नितीन ओशाळलेला होता. ऐकता ऐकता हळूच म्हणाला, "खरं सांगू का ताई, मला लवकर संपवायचंच नसतं. घरी गेलं की पोरांचा अभ्यास घ्या, वडिलांचं बघा. बायको करते सगळं. आपण आठनंतर गेलेलं बरं." मी पुढचं पान उलटलं.

आईला सांगायचं नव्हतं मला. पण व्यायाम घेताना तिनं माझा चेहरा पाहिला आणि विचारलं. मग सगळं सांगितलं. लकव्यानंतर तिचे शब्द सावकाश येतात. खाली बघत तिनं ते जुळवले. मग म्हणाली, "तू बी बसत जा की उशिरापर्यंत. माझं काय... ऱ्हाईन पडून. एक हात लई झाला मला."

तिचा हात माझ्या हातात होता. बोटं नुकती मोकळी व्हायला लागली होती. मी व्यायामाचे आकडे पुढं मोजत राहिले...

काल सव्वापाचला नितीनच्या जुन्या कामाचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. आजच बघा, असं सरांनी कळवलं होतं. मी मेल केला, 'उद्या सकाळी पहिलं हेच घेते.' आणि निघाले. केबिनच्या काचेतून सर बघत होते. बघू दे. पुढच्या वर्षीच्या यादीतही माझं नाव नसणार, हे मला त्याच क्षणी कळलं.

आई महत्त्वाची, नोकरी काय येते नि जाते, असं लिहून लाइक मिळतील. पण खोटं कशाला बोलू? ती जागा मला हवी होती. माझ्या कामानं मी ती कमावली होती.

सेशनचा फोटो इथं टाकल्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून टिप्स मागितल्या होत्या. वर लिहिल्यात, सगळ्या खऱ्या आहेत, जरूर करून बघा. वेळ नक्की वाचतो...

फक्त वाचलेला वेळ ऑफिसात कुणाला दिसू देऊ नका.