ताईच्या मेंदूतला ठिपका

ताईला बघायला मुलुंडची माणसं येणार होती, त्या सकाळी आत्या आईला म्हणाली, "धाकटीला शेजारी पाठव. मोठीला बघायला येतात नि धाकटीला मागणी घालून जातात."

ताई आरशासमोर केसांना पिना लावत होती. पिन दातांत धरूनच ती म्हणाली, "हिला कशाला लपवायची?"

आत्या हसली. आई हसली. कांदा चिरता चिरता मीही हसले. मी एकोणीस वर्षांची होते, काळी होते आणि पुढचे दोन दात ओठांबाहेर डोकावायचे. पोह्यांच्या बशा मीच बाहेर नेल्या. पाहुण्यांनी बशा घेतल्या, मान वर केली नाही. लग्न तिथल्या तिथे ठरलं, पुढच्या रविवारी साखरपुडा झाला. मुलगा कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, मुलुंडला स्वतःचं वन रूम किचन होतं. घाटकोपरच्या भटवाडीत दोन खोल्यांत राहणाऱ्या आम्हाला ते फार होतं. गिरणी बंद पडल्यापासून बाबा एका गोदामावर वॉचमन होते.

साखरपुड्यानंतर महिन्याभराने ताई कामावर पडली. अंधेरीच्या एका कारखान्यात ती भिंगाखाली बारीक तारा जोडायची. बसल्या स्टुलावरून कोसळली, हातपाय झटकले, जीभ चावली. सुपरवायझरने चप्पल हुंगवली. शुद्धीवर आली तेव्हा साडी ओली होती आणि भोवती तीस बायका उभ्या होत्या. ताईने मला हे सांगितलं तेव्हा साडीचं तेवढं दोनदा सांगितलं.

आईने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. "माझ्या चेडवाक कोणाची तरी नजर लागली," म्हणत गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. कारखान्याच्या डॉक्टरने मात्र सिटी स्कॅन करायला सांगितला. आईला वाटलं, तो शहरात जाऊनच काढतात म्हणून त्याला सिटी म्हणतात. एमआरआय हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी सायन्सला होते, इंग्रजी वाचायचे, म्हणून सोबत मला पाठवलं. मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागायला तीन आठवडे गेले. ताईला त्या गोल तोंडाच्या यंत्रात सरकवलं तेव्हा मी बाहेर तिच्या बांगड्या आणि कानातले रुमालात बांधून बसले होते.

रिपोर्ट पाकिटात होता. मी जिन्यातच उघडला. खाली टाइप केलेलं होतं, ॲबनॉर्मल स्कॅन. आमच्या चाळीत तो शब्द एकाच माणसासाठी वापरत, कोपऱ्यातल्या खोलीतल्या त्या मुलासाठी, जो बारा वर्षांचा झाला तरी लाळ गाळत उंबऱ्यावर बसून असायचा. त्याला सगळे ॲबनॉर्मल म्हणत.

डॉक्टर म्हातारे होते, घाईत होते, पण चांगले होते. त्यांनी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली. एका मोठ्या फिल्मवर मेंदूचे बारा काप, पावाचे काप करावेत तसे. डाव्या बाजूला, एकाच कापात, बाजरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"लहानपणी देवी टोचल्या होत्या ना?" त्यांनी ताईला विचारलं. ताईने दंडावरचा वण दाखवला. "तसाच हा आतला वण. कधीतरी भाजीतून, पाण्यातून जंताचं अंडं पोटात गेलं असेल, तिथून मेंदूत. ते मेलं, त्याभोवती चुना साचला. आता तिथे आजार नाही, आजाराची खूण आहे. कधीमधी ती खूण आजूबाजूला त्रास देते, त्याची फिट येते. दोन-तीन वर्षं गोळी चुकवायची नाही."

मी धीर करून विचारलं, "पण ॲबनॉर्मल लिहिलंय."

"म्हणजे इतरांच्या फिल्ममध्ये नसतं ते हिच्यात दिसलं. एवढंच. फिल्म ॲबनॉर्मल आहे, मुलगी नाही."

"ठिपका जाईल का?" ताईने विचारलं.

"वण कुठे जातो? तो कायमचा. त्याची भीती बाळगू नकोस. नोकरी कर, लग्न कर. मूल हवं असेल तेव्हा आधी मला येऊन भेट, गोळी बदलू."

परतताना बसमध्ये ताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. डॉक्टर मराठीतच बोलले होते, तरी स्टॉप आल्यावर तिने मला विचारलं, "ते नीट बोलले ना गं?" मी म्हटलं, "हो, नीट बोलले." फिल्मचं पाकीट कपाटावर टाकलं. मुलुंडच्यांना आपण होऊन सांगायचं नाही, विचारलं तर खरं सांगायचं, असं बाबांनी ठरवलं.

त्यांनी विचारलं. कारखान्यातली एक बाई मुलुंडला त्यांच्याच शेजारी राहायची. एका दुपारी मुलाची आई एकटीच आली. घरी मी एकटी होते. मी पाणी दिलं. पाण्याला हात न लावता ती म्हणाली, "तू शिकलेली आहेस. तूच सांग, काय निघालंय?"

मी स्टुलावर चढून पाकीट काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बोट ठेवलं. "हा पांढरा ठिपका."

"मेंदूत?"

"हो."

"जाणार का तो?"

"नाही. कायमचा आहे."

तिने रिपोर्ट हातात घेतला. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण तो एक शब्द तिने अक्षर अक्षर लावून वाचला. "ॲबनॉर्मल. म्हणजे तसली मुलं असतात तशी?"

मी म्हटलं, "म्हणजे नॉर्मल नाही."

मी एकही शब्द खोटा बोलले नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलेय आणि ते खरंही आहे. वण हा शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. त्या मुलावर माझं मन होतं असंही नाही, त्याचा चेहरा मला धड आठवत नव्हता. घरात पहिल्यांदाच कोणीतरी ताईबद्दल मला विचारत होतं आणि मला ते आवडत होतं.

बाई जाताना दारात थांबली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला येते का कधी चक्कर?"

"नाही."

बाई येऊन गेली, एवढंच मी घरी सांगितलं. आठ दिवसांनी लग्न मोडल्याचा निरोप आला. आणखी पंधरा दिवसांनी दुसरा निरोप आला, धाकटी देणार का. हॉल ठरलेला होता, तारीख होती, त्यांना ठरलेलं कार्य रद्द करायचं नव्हतं. बाबांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "घर काही वाईट नाही." आई म्हणाली, "एकीचं तरी होऊ दे." मला कोणी विचारलं नाही, पण मी नाही म्हणाले असते तर ऐकलं असतं. मी नाही म्हटलं नाही.

ताई म्हणाली, "शालू माझाच नेस. नवीन कशाला? ब्लाऊज दोन्हीकडून आत घ्यावा लागेल." रात्रपाळीवरून आल्यासारखे तिचे डोळे होते. ब्लाऊज तिनेच आत घेतला. टाके मजबूत घातले होते.

माझ्यानंतर ताईला स्थळं आली. प्रत्येक वेळी बाबा स्वतः कपाटावरचं पाकीट काढून पाहुण्यांपुढे ठेवू लागले. "फसवणूक नको," म्हणायचे. वण म्हणतात डॉक्टर, असं पुढे सांगायचेही, पण तोवर पाहुणे फिल्म उजेडात धरून ठिपका शोधत असायचे. पोहे खाता खाता एक जण म्हणाला, "अरे, दिसला दिसला." ताई तिथेच बसलेली होती. गोळ्यांनी तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, त्यामुळे ती तोंड मिटूनच बसायची, आणि मुलगी घुमी आहे असंही लोक म्हणू लागले. पाचव्या की सहाव्या स्थळानंतर तिने ती फिल्म गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून खसाखसा धुतली. आईने मला सांगितलं, काळं सगळं निघून गेलं, निळसर कोरं प्लास्टिक तेवढं उरलं.

माझ्या लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा एका दुपारी ताई मुलुंडला आली. न कळवता. मला चौथा महिना होता. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताईने नवं पाकीट आणलं होतं. गोळ्या बंद करण्याआधी डॉक्टरांनी दुसरा स्कॅन काढायला लावला होता.

"ठिपका आहे तसाच आहे," ताई सासूबाईंना म्हणाली. "तीन वर्षांत फिट नाही. गोळी बंद. काकू, मला एक सांगा. त्या दुपारी हिने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि जसंच्या तसं सांगितलं. ठिपका, कायमचा, नॉर्मल नाही. त्यांची स्मरणशक्ती फार चांगली होती.

"आणि देवीच्या वणासारखा आहे, ते?"

"ते काही ही बोलली नाही."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "चहा टाकते."

"मी चहाला आलेली नाही," ताई म्हणाली.

सासूबाईंनी सूप परत मांडीवर घेतलं. "जाऊ दे. आता तर पोर होणार आहे हिला. आणि तुझंही वय झालं म्हणा."

मी ताईच्या मागे बसस्टॉपपर्यंत गेले. पायात चप्पल घालायचं भान नव्हतं. मी म्हटलं, "ताई, मला माफ कर."

"केलं की तुला बरं वाटेल ना?"

मी हो म्हटलं.

"मग नाही करत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. बस आली, ती चढली, खिडकीशी जागा मिळाली, पाकीट मांडीवर आडवं ठेवलं. नंतर तिने बोरिवलीला खोली घेतली. फिट तिला पुन्हा आली नाही. बाबा गेले तेव्हा आम्ही भेटलो. लाकडं आली का, भटजींना कोण आणणार, एवढंच बोललो.

ताई मुलुंडहून गेली त्या संध्याकाळी सासूबाईंनी जेवताना आपल्या मुलाला सगळं सांगितलं. माझ्यासमोर, आमटी वाढता वाढता, शेजारच्या बिल्डिंगमधलं काही सांगावं तसं. लग्न ठरल्यावर तो ताईला चार वेळा भेटला होता, हे मला माहीत होतं. त्याने घास हातात धरून मला विचारलं, "म्हणजे ती तेव्हाही ठीकच होती?"

"हो," मी म्हटलं.

त्याने जेवण पूर्ण केलं. मी ताट उचलायला हात पुढे केला, तर त्याने ते स्वतःच उचललं, मोरीत नेलं, घासलं आणि पालथं घालून ठेवलं. त्या दिवसापासून तो स्वतःचं ताट मला उचलू देत नाही. माझ्या मैत्रिणी म्हणतात, असा नवरा मिळायला नशीब लागतं.