काठ ताणला की

निपाणीहून बेळगावला जाताना बसमध्ये मी सेमिनारचा चार पानांचा कागद पुटपुटत होतो. विषय होता बासष्टचं भारत-चीन युद्ध. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे उद्या सगळ्यांसमोर बोलायचं म्हणून तीच वाक्यं पुन्हापुन्हा घोकत होतो.

शेजारी वडगावच्या विणकर आक्का बसल्या होत्या. माझं सारखं "बॉर्डर, बॉर्डर" ऐकून त्यांनी मांडीवरच्या गाठोड्यातली साडी उलगडली आणि काठ चिमटीत धरला.

"किती इंची पायजे बॉर्डर?"

"न्हाय आक्का, देशाची बॉर्डर. दोन देशांचे नकाशे जुळेनात. दोघांनी चौक्या पुढं सरकवल्या आणि युद्ध पेटलं."

"एवढंच व्हय? त्याला चार पानं? आमच्या मागावर रोज बघतोय की. काठ लई ताणला की चुण्या मधल्या अंगाला पडत्यात."

हसत त्यांनी साडीची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच पानावर मी अडखळलो. वर्ग हसायला लागला. हात आपोआप शर्टाच्या काठाकडे गेला आणि आक्कांचं वाक्य तसंच्या तसं तोंडातून निघालं. पुढच्या बाकांवरच्यांनी ते वहीत उतरवलं.

"कुणाचं वाक्य हे?" सरांनी विचारलं.

नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"वडगावचं, सर," मी म्हणालो.