खालच्याचा शब्द

गाडीखाली झोपून मी सिदूला ‘ठीक आहे’ म्हणालो, तेव्हा ते ठीक नव्हतं आणि ते मला माहीत होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फौजदाराला नाही, सिदूला तर नाहीच. आता सिदूच राहिला नाही. पाच आठवड्यांपूर्वी दहिवडीकडच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर सांगलीच्या माझ्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात रेडिएटरचं झाकण मागायला आला. मी खोक्यात हात घालून शोधत होतो, तेव्हा पाठीमागून म्हणाला, “मिस्त्री, आपला सिदू गेला बघा.” भर उन्हात सिदू पायी बाजाराला निघाला होता. यानं मोटार थांबवून वर ये म्हणून हाका मारल्या, तर सिदूनं नुसता हात हलवला, तुमी व्हा पुढं. उलट फेरीला हा परत आला तेव्हा रस्त्याकडेच्या लिंबाखाली माणसं जमली होती. छातीत कळ आली, म्हणे. पंचेचाळिशीचा माणूस… मी झाकण काढून दिलं. ते त्याच्या मोटारीचं नव्हतंच. त्यानं ते खोक्यात परत ठेवलं आणि गेला.

सिदू साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला. घरी मेंढरं आणि पावसावरची जमीन. वयात येताच पलटणीत गेला, तिथं लॉरी चालवायला शिकला आणि परत आल्यावर आमच्या पेठेतल्या एका गूळ-व्यापाऱ्याच्या मालमोटारीवर लागला. मालमोटार म्हणजे लहान गाडी, पुढं दोघांना बसायला जागा आणि मागं उघडा हौदा. व्यापाऱ्यानं घेतली तेव्हाच ती म्हातारी झालेली होती. माझा कारखाना तेव्हा नवा होता आणि मी स्वतःला मोठा कारागीर समजत होतो. गाडीचं स्टिअरिंग ढिलं झालं, हातात रिकामं फिरायला लागलं, की मी सरळ वरच्या, स्टिअरिंगच्या गिअरच्या पेटीचा स्क्रू आवळून द्यायचो. हाताला घट्ट लागलं की गिऱ्हाईक खूश. सिदूनं ते पहिल्यांदा पाहिलं आणि चार ड्रायव्हरांदेखत म्हणाला, “रोग गुडघ्यात आन तू मुंडासं आवळतोस व्हय रं मिस्त्री?” सगळे हसले. मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी त्याच गाडीपाशी त्यानं मला शिकवलं. पेटीला शेवटी हात लावायचा. आधी पुढची चाकं जॅकवर उचलून वर-खाली हलवून बघायची, मग आडवी. मग गाडी जमिनीवर टेकवून एकानं वर बसून स्टिअरिंग दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं असं हलवत राहायचं, आणि दुसऱ्यानं खाली झोपून एकेका सांध्याला तळहात लावायचा. डोळ्याला दिसायच्या आत ढिलाई तळहाताला कळते. सांधा आतून टक्क करतो, दाराला कुणी एका बोटानं टिचकी मारावी तसा.

आणि त्याचा एक नेम होता. वर बसलेल्यानं मत द्यायचं नाही, खालच्याचा शब्द शेवटचा. वरच्याच्या हाताला सगळ्या सांध्यांची मिळून एकच गोष्ट कळते, खालचा मात्र चोराला हातानं धरतो, असं तो म्हणायचा. खाली जायचा तो नेहमी स्वतः. सदरा काढून खुंटीला अडकवायचा, पोत्यावर पाठ टेकायची आणि मला वर बसवायचं. त्यानं खालून ‘व्हय’ म्हटलं की मी उतरायचो. पुढं आमच्याकडं येणाऱ्या सगळ्याच ड्रायव्हरांनी हा नेम उचलला.

मग युद्ध आलं. पेट्रोल मिळेना, म्हणून गाडीला कोळशाच्या गॅसचा मोठा ड्रम बसला आणि तिची एक बाजू जड झाली. सुटे भाग तर बाजारातून नाहीसेच झाले. अशातच सिदूच्या गाडीचा एक सांधा झिजला. स्टिअरिंगकडून चाकांकडं जाणारा जो दांडा असतो त्याच्या टोकाला लोखंडी गोळा आणि तो बसायला वाटी. ती वाटी गेली होती. मी नवी वाटी लेथवर काढून देतो म्हणालो. म्हणालो खरा, पण तसलं पोलाद कुठंच मिळालं नाही, आणि ते मिळालं नाही हे सांगायला जीभ रेटली नाही. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, दुमडून जुन्याच वाटीत ठोकली, वर ग्रीस भरलं आणि नवी बसवली म्हणून सांगितलं. सिदूनं विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, पेठभर सांगत सुटला. विलायतेहून येत न्हाई त्ये आमचा मिस्त्री हितं घडीवतो. मी शेजारी उभा राहून ऐकायचो. नाही म्हणायचो नाही.

पंधराच दिवसांनी तो सकाळी सकाळी आला. पुतण्याचं लग्न, मुलगी पाटणकडची. मालकानं दोन दिवस गाडी दिली होती. गावी जाऊन वऱ्हाड भरायचं आणि उंब्रजवरून पाटणला न्यायचं. एवढी घरची माणसं हौद्यात बसणार, म्हणून एकदा स्टिअरिंग बघून घेऊ म्हणाला. अंगावर कोरं धोतर, कोरा सदरा, डोक्याला लग्नाचा पटका. हसून म्हणाला, “आज तू जा खाली. ह्ये कापड मळलं तर हौसा लग्नात उभं करायची न्हाई.” हौसा म्हणजे त्याची बायको. तो वर बसला, मी खाली गेलो. पहिला सांधा ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्याला हात लावला आणि तळहातात टक्क झालं. परत झालं. तिसऱ्यांदाही. पत्रा घासून निघाला होता. वरून सिदू संथपणे, दोन बोटं इकडं दोन बोटं तिकडं, स्टिअरिंग हलवत होता आणि मी त्या सांध्याला हात लावून पडून होतो. खरं सांगितलं तर सांधा उघडावा लागणार होता, आणि उघडला की पत्रा त्याच्यापुढं बाहेर पडणार होता. एवढीच गोष्ट. दोन दिवसांनी गाडी परत आली की कुठूनही पोलाद आणून नीट करू, असं मी ठरवलं आणि खालून म्हणालो, ‘ठीक आहे.’ मग बॉनेट उघडून, त्यानंच नको म्हणून शिकवलेलं काम केलं. पेटीचा स्क्रू आवळून दिला. स्टिअरिंग त्याच्या हाताला घट्ट लागलं. तो निघून गेला.

उंब्रजच्या पुढं, पाटणच्या रस्त्यावर, कोयनेच्या अंगाला एक वळण आहे. तिथं सिदूनं स्टिअरिंग फिरवलं आणि चाकं फिरली नाहीत. वाटीतून गोळा निसटला होता. गाडी नदीत गेली नाही, आंब्याच्या खोडावर बसली. सिदूच्या गळपट्टीचं हाड मोडलं, पाचसहा जण जखमी झाले, आणि हौद्यात उभा असलेला नामदेव, म्हणजे हौसावहिनींचा पाठचा भाऊ, फेकला जाऊन जागीच गेला. बावीस वर्षांचा होता. फौजदार साताऱ्याकडचा, मी सांगली संस्थानातला. हद्द ओलांडून तो माझी जबानी घ्यायला आला. सांधा आधीच ढिला होता का, असं त्यानं सरळ विचारलं. मी म्हणालो, गाडी माझ्याकडून गेली तेव्हा सांधा घट्ट होता, धडकेनं निखळला असेल. त्यानं ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. ड्रायव्हरनं वळणावर गाडी बेफाम हाणली असं ठरलं. सिदूला सहा महिन्यांची सजा झाली.

साताऱ्याच्या तुरुंगात मी त्याला एकदाच भेटलो. त्यानं दुसरं काही विचारलं नाही. “मिस्त्री, तू हात लावून बघितला व्हतास न्हवं?” मी हो म्हणालो. “मग माझंच चुकलं,” तो म्हणाला.

सुटल्यावर मालक त्याला परत घ्यायला तयार होता, पण तो सांगलीला आला नाही. गावी मेंढरांमागं राहिला. मीही गेलो नाही. सहा वर्षं. आता गेलो ते तो गेल्यावर, बाराव्या दिवशी. घरात माणसं थोडी होती. हौसावहिनींनी गुळाचा कोरा चहा ठेवला आणि बोलायला लागल्या, म्हणजे मला काही दोष द्यायला नव्हे, मी सिदूचा जुना सोबती म्हणून. “उंब्रज सोडल्यावर चाक हातात रिकामं फिराय लागलं व्हतं, आसं म्हणायचं ह्ये. नामानं मागनं वाकून ईचारलं, दाजी, थांबायचं का? तर ह्ये म्हणलं, मिस्त्री सोता खाली झोपला व्हता, ठीक म्हणलाय. माझ्याच हाताला कायबाय वाटतंय.” मी चहाची बशी खाली ठेवली. मला वाटत होतं, सिदूला काही कळलंच नसेल. त्याला कळलं होतं… थांबायची वेळही होती. “जेलातनं आल्यावर म्हणलं, हौसा, माझं हात गेलं. तवापासनं मेंढराला ताप हाय का न्हाई, ह्ये बी मलाच हात लावून बघाय सांगायचं. लेकीचं तान्हं बाळ कवा उचललं न्हाई त्यांनी. मोटारीत तर बसलंच न्हाईत.”

ज्या माणसाला गाडीच्या अंगाला हात लावून तिचं दुखणं कळायचं, तो सहा वर्षं स्वतःच्या हातांना भीत जगला आणि त्यांना भीतच बाजाराच्या वाटेवर गेला. वहिनी पुढं सांगत होत्या. नामदेव गेला त्या दिवसापासून त्यांचं माहेर तुटलं. दुःखाच्या घरी माहेराहून पहिली भाकरी यावी, तीही आली नव्हती. “माझा बा म्हणतो, पोरगा मारणाऱ्याच्या घरी भाकरी कशी धाडू? त्येचं बी खरंच हाय न्हवं, भाऊजी?”

त्या माझ्याकडं बघत होत्या. माझी मान हलली. होकारार्थीच हलली.

संध्याकाळच्या मोटारीनं मी परत आलो. त्यानंतर तिकडं गेलेलो नाही. हौसावहिनींना वाचता येत नाही, म्हणूनच कदाचित हे लिहायचं धाडस झालं. हे छापून आल्यानं काही फिटत नाही, एवढं मला कळतं. नामदेव माझ्या खोट्यानं गेला आणि सिदूचे हात शेवटपर्यंत चांगले होते. हे हौसावहिनींना त्यांच्यासमोर बसून, आणि त्यांच्या वडिलांना त्यांच्या दारात उभं राहून, माझ्या तोंडानं सांगणं मी देणं लागतो.