सुनेबरोबर अमरावतीला, मसाला शिकायला

सुनीता, माझी सून, अमरावतीला शिकायला जाणार असं ठरलं आणि पिशवी भरली मी! चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून मला कोणत्याही वर्गात बसायला आवडतं, मग तो मसाल्याचा का असेना. शिवाय पोरगी एकटी जाईना. माझा मुलगा वारून दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती वावरापलीकडे गेलीच नव्हती. तीन दिवस शिकली तर अकोल्याच्या मसाल्याच्या कारखान्यात काम लागणार होतं. दोन लेकरं आहेत, काम पाहिजेच.

बाळापूरहून सकाळची एसटी धरा, अकोल्याला गाडी बदला. पुढे मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती. खिडकी डाव्या हाताची घ्या, ऊन लागत नाही. बायांना अर्धं तिकीट, माझं वय पाहून कंडक्टर म्हणे, "फिरून घ्या आजी, तुमाले फुकट हाये!" उतरल्यावर गिला वडा खाल्लाच पाहिजे, दह्यात बुडालेला. मी दोन प्लेटा खाल्ल्या. सुनीतानं एकीतला अर्धा ठेवला.

मसाला शिकवायचं केंद्र गावाबाहेर आहे. अशी केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत एकमेकांशी जोडलेली आहेत म्हणे. एक शिकवतं, दुसरं कामाला लावतं. राहणं-जेवण तिथंच, चादर तेवढी घरची न्या. चांदूर बाजार, हिवरखेड, कुठून कुठून बाया आल्या होत्या. पांढरे कोट, डोक्याला जाळीची टोपी. एकमेकींना पाहून हसून हसून पोट दुखलं.

मग शिकवणारी मॅडम, मुंबईकडची पोरगी, म्हणाली, "बांगड्या काढा. काच मसाल्यात पडते."

हसू थांबलं. आमच्याकडे बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात.

"काहून काढू? माया नवरा जित्ता हाये," हिवरखेडची बाई म्हणाली.

मॅडम गोंधळली. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि सुनीताचा मोकळा हात धरून वर केला. "या ताई बघा! तयारीनंच आल्यात. शाब्बास!"

सुनीता हात सोडवून माझ्याकडे आली. "आई, चाला घरी."

"चाल," मी म्हटलं. पिशवी उचललीसुद्धा. तेवढ्यात ती हिवरखेडची बाई नळावर गेली, साबण लावून एकेक बांगडी काढली. आठ हिरव्या. आणून सुनीताच्या ओंजळीत ठेवल्या.

"सांभाळ वं बाई. संध्याकाळी घेईन."

तिच्या मागं दुसरी, मग तिसरी. सुनीताची ओंजळ भरली तेव्हा तिनं पदर पुढे केला. तीन दिवस, वर्ग सुटेपर्यंत, साऱ्यांच्या बांगड्या तिच्याचजवळ असत. कोणाची कोणती, एकदाही चुकली नाही.

परत निघताना मी बाजारातून डझनभर हिरव्या घेतल्या.

"हे कायले, आई? कामावर काढाच लागतीन."

"काढाले तरी हातात पाहिजे ना!"

काम लागलं. रोज सकाळची एसटी धरून ती अकोल्याला जाते. मसाल्याचा वास घेऊन परत येते, लेकरं शिंकतात, मी हसते. बांगड्या अजून खुंटीवरच आहेत, सुतळी सोडलेली नाही. मी घाल म्हटलं की ती "उद्या" म्हणते.

जास्त आग्रह करवत नाही मला. दोन वर्षांमागं, त्या दिवशी, बांगड्या वाढवताना तिचे हात मीच धरून ठेवले होते.