फुली मारलेला उमेदवार

"याच्या नावावर माही फुली हाय! लाल फुली! वीस वर्सांपासून हाय! अन् आता यालेच निवडून आना म्हनता मले?"

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ओरडत होते. धनजच्या आमच्या मळ्यात भाजी निवडायची शेड आहे, तिचे पत्रे थरथरले. हा आवाज कारंज्याच्या बसस्टँडवर पोचला आणि कंडक्टरनं घाबरून रिकामीच गाडी सोडली, हे मी शपथेवर सांगतो. शपथ कोणाची, ते विचारू नका.

पंचायत समितीची निवडणूक होती, आणि त्या शेडमध्ये पार्टीची बैठक भरली होती. आमची पार्टी धर्म, संस्कार आणि परंपरा सांभाळणारी. नाव लिहीत नाही, कारण बाकीच्या पार्ट्यांचे लोक म्हणतील, अरे, हे तर आमच्याकडंच झालं. मोठेबाबांनी तिच्यासाठी वीस वर्षं गावाची मतदार यादी सांभाळली. छापील कागदावर स्वतःच्या हातच्या खुणा. बरोबरची खूण म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा, आणि गोल म्हणजे चहा पाजून पाहा. कोण मेलं, कोण पुण्याला गेलं, कोणती पोरगी रिसोडला दिली, सगळं त्या यादीत होतं. यमाला हिशोब लागला तर तोही आमच्या ओसरीवर येऊन बसला असता.

बदल्यात त्यांना एकदा तिकीट हवं होतं. एका वेळी जागा महिलेसाठी राखीव निघाली, पुढच्या वेळी दुसऱ्या प्रवर्गाला गेली. या वेळी खुली होती. आणि या वेळी उमेदवार म्हणून खुर्चीवर बसला होता तो समोरच्या पार्टीतून पंधरा दिवसांपूर्वी आलेला गडी. मागच्या निवडणुकीत आमच्या प्रचाराच्या ऑटोची हवा यानंच सोडली होती. तिन्ही चाकांची! आता गळ्यात आमचा दुपट्टा, आणि कपाळावरचा टिळा एवढा मोठा, की मागून पाहिला तरी दिसावा.

तो उठून पाया पडायला वाकला. मोठेबाबांनी पाय असे ओढून घेतले, जसा काही खाली विस्तव होता.

"काकाजी, नाव वरून आलं," तालुकाध्यक्ष म्हणाला. "आमच्या हाती काई नाई."

"वरून गारा बी येते, बावा. आमी त्यायले हार घालत नाई."

शेड हसली, आणि हसता हसता फुटली. जुने लोक एका कोपऱ्यात गेले. सोयाबीनच्या पडलेल्या भावानं भाजलेले दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन ओरडू लागले, "मंदिराच्या वर्गणीले आमी, अन् भाव मांगाले गेलो का तुमी कोन?" आमच्या भाजीवाल्या समाजाची माणसं मधोमध उभी राहिली, "आमाले कायच्यासाठी बलावलं? टाळ्या वाजवाले?" उमेदवाराबरोबर आलेले नवे लोक तेवढे खुर्च्यांवर होते. खुर्च्या आमच्या घरच्या.

या सगळ्यात तालुकाध्यक्ष चहात बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट मोडलंसुद्धा नाही त्याचं! तो शांतपणे म्हणाला, "रागवा, काकाजी. हक्क हाय तुमचा. यादी तेवढी द्या, पोरं मोबाइलात भरून घेतीन. अन् तुमी जासान कुठं?"

माझ्या डोक्यात जाळ झाला. शिवीपेक्षा वाईट वाक्य होतं ते. शिवी देणारा निदान आपल्याला माणूस समजतो. यानं आम्हाला दावणीचे बैल समजलं होतं, सोडले तरी संध्याकाळी गोठ्यातच येणारे. पार्टी अशानं मोडेल, असं मला तेव्हा वाटलं. मोडावी, असंही वाटलं. आजही वाटतं.

मोठेबाबांनी यादीची गुंडाळी काखेत घातली. "यादी भेटनार नाई. मी बूथवर बसनार नाई. अन् या घरातलं एक मत तुमाले पडलं, तं माह्या नावाचं कुत्रं पाळजा!"

मी टाळी वाजवली. एकट्यानंच, पण पन्नास माणसांची.

त्यानंतर आठ दिवस ते शब्दाला जागले. बूथवर एजंट म्हणून बसा, असे पार्टीचे तीन निरोप आले, तिन्ही परत पाठवले. मतदानाच्या दिवशी शाळेसमोर पार्टीच्या टेबलावर दोन नवखी पोरं मोबाइल हलवत बसली होती. समोरून मतदार जात होते आणि त्यांना आपला कोण, परका कोण, कळत नव्हतं. मी पाहून पाहून खूश होत होतो. मोठेबाबा दिवसभर मळ्यात वांगी तोडत होते. पाच वाजता त्यांनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि शाळेकडं निघाले. मी मागं मागं. आता बॉम्ब फुटणार, उद्या मुंबईपर्यंत धूर दिसणार, अशा थाटात मी फाटकाशी उभा राहिलो.

ते बाहेर आले. बोटावर शाई होती.

"कोनाले देल्लं, मोठेबाबा?"

"जिथं देतो, तिथंच."